थिओडोर पार्कर : ग्रंथालयातून रस्त्यावर



१८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी ज्यांनी स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली, त्यांच्याविषयीचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे. नावं मात्र तिथे कुणाचीच नाहीत. हे सज्जन कोण होते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. लिंकन आपल्याला ठाऊक असतो. थोरो गांधीजींमुळे ओळखीचा झाला, इमर्सन त्याच्या निबंधांमुळे. पण या मंडळींचा विचार ज्यानं बॉस्टनच्या रस्त्यावर, कोर्टाच्या दारात आणि स्वतःच्या राहत्या घरात आणून उभा केला, त्या थिओडोर पार्करचं नाव मराठीत क्वचितच निघतं. आज त्याच्याविषयी बोलायचं मी ठरवलं आहे.

पार्करचा जन्म २४ ऑगस्ट १८१० चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेक्झिंग्टन गावचा. शेतकऱ्याचं घर, अकरा भावंडं, हा सगळ्यांत धाकटा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी १९ एप्रिल १७७५ रोजी याच गावात झडली, आणि त्या सकाळी गावकऱ्यांच्या तुकडीच्या पुढे उभा असलेला कॅप्टन जॉन पार्कर हा थिओडोरचा आजा. आजोबांची बंदूक आणि त्या दिवशी ब्रिटिशांकडून हस्तगत केलेली दुसरी एक बंदूक थिओडोरच्या अभ्यासिकेत टांगलेली असे. मृत्युपत्रानं त्यानं त्या राज्याला दिल्या. बॉस्टनच्या राज्यभवनात सिनेटच्या सभागृहात त्या आजही आहेत. पुढे सरकारी कायद्याविरुद्ध उभं राहताना आपण काही अघटित करतो आहोत असं पार्करला वाटलं नाही. घरचंच राहिलेलं काम पुढे न्यायचं आहे, अशी त्याची भावना होती.

बालपणाची एक आठवण त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे. तो चारेक वर्षांचा असेल. तळ्याकाठी उन्हात पहुडलेलं एक ठिपकेदार कासव त्याला दिसलं. इतर मुलं प्राण्यांना मारतात हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून त्यानंही काठी उगारली. पण हात वरच्या वर थबकला. हे वाईट आहे, असं आतून कुणीतरी बजावल्यासारखं झालं. धावत घरी येऊन त्यानं आईला विचारलं, मला कुणी अडवलं? आईनं डोळे पुसले, त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की लोक याला सदसद्विवेक म्हणतात, मी याला माणसाच्या आत्म्यातला देवाचा आवाज म्हणते. ऐकत गेलास तर तो अधिक स्पष्ट होईल, दुर्लक्ष केलंस तर हळूहळू विझेल. पार्करच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचं बीज या प्रसंगात आहे. हार्वर्डमध्ये आणि जर्मन ग्रंथांत त्याला जे पुढे सापडलं, ते त्यानं आईच्या या उत्तराशी ताडून पाहिलं.

शिक्षण त्याला सहजी मिळालं नाही. बाराव्या वर्षी रानातल्या बेऱ्या वेचून, विकून त्यानं लॅटिनचा शब्दकोश घेतला. स्वतःच्या पैशानं घेतलेलं ते त्याचं पहिलं पुस्तक. १८३० च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी तो लेक्झिंग्टनहून चालत केंब्रिजला गेला, हार्वर्डची प्रवेशपरीक्षा दिली, उत्तीर्ण झाला आणि रात्री परत येऊन वडिलांना म्हणाला, मला प्रवेश मिळाला. खर्च कुठून करायचा, या वडिलांच्या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं : घरी राहून अभ्यास करीन, परीक्षेपुरता जाईन. शेतात राबत, शाळेत शिकवत त्यानं अभ्यासक्रम पुरा केला, पण शुल्क भरता न आल्यानं पदवी मिळाली नाही. दहा वर्षांनी हार्वर्डनं त्याला मानद पदवी दिली. भाषा तो वीसच्या आसपास वाचू शकत असे. अकरा हजारांहून अधिक पुस्तकं त्यानं जमवली. बॉस्टनच्या एक्झिटर प्लेसमधल्या घराचा वरचा मजला तर पुस्तकांनी भरलेलाच होता, आणि तिथून ती जिन्यावरून खालच्या खोल्यांत उतरत आली होती. हा संग्रह त्यानं मरताना बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तक मिळवायला काय कष्ट पडतात, हे तो विसरला नव्हता.

१८३० नंतर बॉस्टनच्या परिसरात जी तरुण मंडळी ट्रान्सेंडेंटलिस्ट म्हणून ओळखली जाऊ लागली, त्यांत इमर्सन, मार्गारेट फुलर, जॉर्ज रिप्ली, ब्रॉन्सन अल्कॉट, थोरो आणि पार्कर ही मुख्य नावं. यांतल्या बहुतेकांची पार्श्वभूमी ईश्वराचं एकत्व मानणाऱ्या युनिटेरियन चर्चची. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सत्य, न्याय, ईश्वर यांची ओळख माणसाला केवळ इंद्रियांनी जमवलेल्या माहितीतून किंवा जुन्या ग्रंथांच्या साक्षीतून होत नाही. ती ओळख प्रत्येकाच्या ठायी मुळातच असते. १५ जुलै १८३८ रोजी इमर्सननं हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात हे उघडपणे सांगितलं, तेव्हा पार्कर श्रोत्यांत होता. बॉस्टनजवळच्या वेस्ट रॉक्सबरीत तो तेव्हा एका लहानशा चर्चचा धर्मोपदेशक होता. रिप्लीची ब्रूक फार्म ही सहजीवनाची वसाहत १८४१ मध्ये तिथून चालण्याच्या अंतरावरच उभी राहिली. पार्कर तिथे गप्पांना जात असे, पण राहायला गेला नाही. समाजापासून बाजूला होऊन आदर्श समाज उभारण्यापेक्षा बिघडलेल्या शहरात राहून त्याच्याशी झुंजणं त्याला अधिक मानवत होतं. त्याची निवड मला बरोबर वाटते.

१९ मे १८४१ रोजी साउथ बॉस्टनमध्ये एका तरुण धर्मोपदेशकाच्या दीक्षासमारंभात त्याचं प्रवचन झालं. विषय होता ख्रिस्ती धर्मातलं शाश्वत काय आणि नाशिवंत काय. पंथ, विधी, बायबलच्या शब्दप्रामाण्याचे आणि ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे सिद्धांत, हे सगळं त्यानं काळाबरोबर बदलणाऱ्या खात्यात टाकलं. ईश्वरावरचं आणि माणसावरचं प्रेम तेवढं शाश्वत ठरवलं. येशूनं सांगितलेलं सत्य हे येशूच्या अधिकारामुळे सत्य ठरत नाही. भूमितीचे सिद्धांत जसे युक्लिडच्या शिफारशीवर अवलंबून नसतात, तसंच हे. या शहरात तीनच वर्षांपूर्वी अब्नर नीलंड नावाच्या माणसाला ईशनिंदेबद्दल साठ दिवस तुरुंगात काढावे लागले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या प्रवचनाचं वजन कळतं.

युनिटेरियन मंडळींकडे कुणाला बहिष्कृत करण्याची सोय नव्हती. श्रद्धास्वातंत्र्य हाच त्यांचा अभिमान. पण आपापसांत व्यासपीठांची अदलाबदल करण्याची त्यांच्यात रीत होती. या रविवारी तुम्ही आमच्याकडे बोला, मी तुमच्याकडे बोलतो. त्यांनी पार्करशी ही देवाणघेवाण थांबवली. १८४३ च्या जानेवारीत बॉस्टनच्या धर्मोपदेशकांच्या मंडळानं त्याला बोलावून सभासदत्व सोडण्याचं सुचवलं. त्यानं नकार दिला आणि बैठकीच्या अखेरीस दोघातिघांनी त्याच्याविषयी आपुलकीचे शब्द काढले तेव्हा त्याला रडू कोसळलं. बाहेर पडताना त्याचे डोळे वाहत होते. जेम्स फ्रीमन क्लार्कनं पुढे धैर्य दाखवून त्याला आपल्या चर्चमध्ये बोलावलं, तर क्लार्कच्याच काही कुटुंबांनी ते चर्च सोडलं. सभ्य माणसांचा बहिष्कार कसा असतो, हे महाराष्ट्रात सुधारकांच्या घरी जन्मलेल्यांना समजावून सांगायला नको.

मग १८४५ च्या जानेवारीत बॉस्टनमधल्या काही नागरिकांनी एकत्र येऊन ठराव केला की या माणसाला शहरात बोलण्याची संधी मिळालीच पाहिजे. त्यांनी मेलोडियन नावाचं नाट्यगृह भाड्यानं घेतलं. १८५२ मध्ये तेही अपुरं पडलं, तेव्हा सभा म्युझिक हॉलमध्ये गेली. रविवारी दोन-तीन हजार माणसं जमत. विल्यम लॉइड गॅरिसन, ज्युलिया वॉर्ड हाउ, लुइझा मे अल्कॉट ही सुधारक आणि लेखक मंडळी तिथे येत. लुइझानं आपल्या ‘वर्क’ या १८७३ च्या कादंबरीत मिस्टर पॉवर हे पात्र पार्करवरून बेतलं आहे. गोरे-काळे, स्त्री-पुरुष, व्यापारी-मजूर असे सगळे त्या सभागृहात एकत्र बसत. प्रार्थनेत पार्कर देवाला पिता म्हणे आणि माताही म्हणे. विठाईला हाक मारणाऱ्या आपल्या लोकांना त्यात काही वेगळं वाटणार नाही, पण त्या काळच्या बॉस्टनला ते धक्कादायक होतं. १८५३ मध्ये त्यानं स्त्रियांच्या सार्वजनिक कार्यावर प्रवचन दिलं आणि कुठलाही व्यवसाय, कुठलाही राजकीय हक्क स्त्रीला बंद असता कामा नये, असं त्यात मांडलं.

त्याची प्रवचनं वाचताना पहिल्यांदा नजरेत भरतात ते आकडे. बॉस्टनमधल्या नाडलेल्या वर्गांवर बोलायचं तर तो आधी तुरुंगाच्या नोंदी, शाळाबाह्य मुलांची संख्या, दारूच्या दुकानांचा हिशेब, झोपडवजा घरांची भाडी गोळा करी आणि व्यासपीठावरून ते वाचून दाखवी. व्यापाऱ्यांवरच्या प्रवचनाला व्यापारीच समोर बसलेले असत. अंतर्ज्ञानावर विश्वास ठेवणारा हा माणूस माहितीच्या बाबतीत इतका काटेकोर होता, हे मला त्याच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. न्याय काय ते अंतःकरण सांगतं, पण अन्याय नेमका कुठे, किती आणि कुणाच्या फायद्यासाठी होतो आहे हे शोधायला कागदपत्रंच चाळावी लागतात, हे त्यानं कधी दृष्टीआड केलं नाही.

आता १८५० कडे येतो. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला अमेरिकेत मालकाकडून पळालेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा झाला. दक्षिणेतल्या मालकाचा माणूस उत्तरेतल्या कुठल्याही शहरात येऊन एखाद्यावर बोट ठेवू शकत होता. ज्याच्यावर बोट ठेवलं त्याची साक्ष ग्राह्य नाही, ज्यूरी नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मॅसॅच्युसेट्सचा थोर सिनेटर डॅनियल वेब्स्टर यानंच, उत्तर-दक्षिणेतल्या ज्या तडजोडीचा हा कायदा भाग होता, तिला मार्चमध्ये पाठिंबा दिला होता.

पार्करच्या सभेत विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपं येत असे. त्यांची कथा विलक्षण आहे. डिसेंबर १८४८ मध्ये ती दोघं जॉर्जियातल्या मेकन गावाहून निसटली होती. एलनचा रंग उजळ. तिनं केस कापले, पुरुषी पोशाख केला, आजारी तरुण जमीनदाराचं सोंग घेतलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून सही करायची वेळ येऊ नये यासाठी उजवा हात झोळीत बांधला. बोलणं टळावं म्हणून जबड्याभोवती पट्टी. विल्यम तिचा गुलाम नोकर झाला. रेल्वेनं आणि बोटीनं, गोऱ्यांबरोबर पहिल्या वर्गात बसून, चार दिवसांत ती फिलाडेल्फियाला पोचली आणि पुढे बॉस्टनला आली. १८५० च्या ऑक्टोबरमध्ये मेकनहून दोन माणसं त्यांना पकडायला आली.

पळून आलेल्यांच्या रक्षणासाठी शहरात दक्षता समिती उभी राहिली होती आणि तिच्या कार्यकारिणीचं अध्यक्षपद पार्करकडे होतं. विल्यम काळ्या समाजाचा पुढारी लुइस हेडन याच्या घरी राहिला. घर उडवून देऊ पण त्याला देणार नाही, अशी हेडनची तयारी होती. एलनला पार्करनं आपल्या घरी ठेवलं. त्या दिवसांत प्रवचन लिहिताना त्याच्या मेजात भरलेलं पिस्तूल असे आणि हाताशी उघडी तलवार. ज्या खोलीत त्यानं वीस भाषांतले ग्रंथ वाचले, त्याच खोलीत हे. समितीची माणसं घेऊन तो पकडायला आलेल्या त्या दोघांच्या हॉटेलवर गेला आणि शहर सोडा, तुमच्या सुरक्षिततेची हमी फार काळ देता येणार नाही, असं त्यांना बजावलं. ते गेले. पण परत कुणी येणारच नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून क्राफ्ट दांपत्यानं इंग्लंडला जायचं ठरवलं.

गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. ७ नोव्हेंबरला पार्करनं त्यांचं रीतसर लग्न लावलं. समोर बायबल होतं आणि एक सुरा होता. दोन्ही त्यानं विल्यमच्या हातात दिली : एक दोघांच्या आत्म्यांसाठी, दुसरं पत्नीच्या रक्षणासाठी. शस्त्र अगदीच निरुपाय झाला तर उचल, आणि समोरच्याविषयी मनात द्वेष न ठेवता उचलता येणार नसेल तर ते पाप ठरेल, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर दोन आठवड्यांत त्यानं अध्यक्ष फिलमोर यांना पत्र लिहून आपण काय केलं ते स्वतःच कळवलं.

मित्रहो, १८४१ चं प्रवचन आणि १८५० चं हे वर्तन यांच्यात मला अंतर दिसत नाही. ग्रंथात लिहिलं म्हणून सत्य ठरत नाही, हा पहिला मुद्दा. काँग्रेसनं मंजूर केलं म्हणून न्याय्य ठरत नाही, हा दुसरा. युक्तिवाद एकच आहे. पहिल्या वेळी किंमत मोजावी लागली ती मित्रांच्या तुटण्याची, दुसऱ्या वेळी तुरुंगाच्या धोक्याची. इमर्सनचे श्रोते त्याच्या भाषणानं उन्नत होऊन घरी जात. पार्करच्या श्रोत्यांना घरी गेल्यावर दार कुणासाठी उघडायचं हे ठरवावं लागे.

सगळं यशस्वी झालं नाही. १८५१ मध्ये पळून आलेला टॉमस सिम्स दक्षिणेत परत नेला गेला. मे १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला पकडण्यात आलं. २६ मेच्या रात्री फॅन्युइल हॉलच्या सभेत पार्करचं भाषण जळजळीत झालं, पण योजना धड ठरलेली नव्हती. गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता हिगिन्सन याच्या टोळीनं कोर्टावर केलेला हल्ला फसला, एक पहारेकरी मारला गेला आणि बर्न्स सुटला नाही. २ जूनला त्याला लष्कराच्या पहाऱ्यात बंदरावर नेलं, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा जमलेल्या गर्दीचा अंदाज ५०,००० चा आहे. पार्करवर आरोपपत्र ठेवण्यात आलं. पुढे गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या जॉन ब्राउनला गुप्तपणे पैसा पुरवणाऱ्या सहा जणांतही तो होता. ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्राउननं हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला तेव्हा पार्कर क्षयानं खंगून युरोपात होता. तिथूनही त्यानं ब्राउनचं समर्थन केलं. याबाबत मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. दारात आलेल्या माणसाच्या रक्षणासाठी सुरा हातात देणं वेगळं आणि दूर बसून दुसऱ्यांच्या सशस्त्र उठावाला पैसा देणं वेगळं.

त्याच्या आणखी एका बाजूविषयी बोलल्यावाचून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तरुणपणी वॉटरटाउनला शाळा चालवत असताना त्यानं एका काळ्या मुलीला प्रवेश दिला होता. पालकांनी तक्रार केली आणि त्यानं तिला काढून टाकलं. त्याची खंत त्याला पुढे राहिली. पण अँग्लो-सॅक्सन वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पना त्याच्या लेखनात अखेरपर्यंत आहेत. आफ्रिकी माणसाच्या स्वभावाविषयी, आयरिश कॅथलिकांविषयी त्यानं लिहिलेली काही वाक्यं आज वाचवत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी तो तुरुंगात जायला तयार होता, त्यांना तो मनातून पूर्ण बरोबरीचं मानत नव्हता. त्याचं तत्त्व त्याच्या मनापेक्षा मोठं होतं. हेडन आणि क्राफ्ट यांच्यासारख्या माणसांनी ते तत्त्व त्याच्यापेक्षा पुढे नेलं, आणि त्या लढ्याचा इतिहास सांगताना त्यांची नावं पार्करच्या आधी यायला हवीत.

जानेवारी १८५९ मध्ये रक्ताची उलटी झाली आणि म्युझिक हॉल कायमचा सुटला. १० मे १८६० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्याचं निधन झालं, वय ४९. गुलामगिरीचा शेवट त्यानं पाहिला नाही. पण त्याची वाक्यं इतरांच्या तोंडून जगभर गेली. लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्न्डन याचा पार्करशी पत्रव्यवहार होता. पार्करची भाषणं त्यानं लिंकनला आणून दिली. लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य ही लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणातली कल्पना थोड्या वेगळ्या शब्दांत पार्कर १८५० पासून मांडत होता. विश्वाच्या नैतिक कमानीचा रोख न्यायाकडे असल्याची मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रसिद्ध उक्ती मुळात पार्करच्या १८५३ च्या प्रवचनातली. ओबामांच्या कार्यालयात २०१० मध्ये अंथरलेल्या गालिच्यावर ती विणलेली होती, किंग यांच्या नावे.

आपल्याकडे हा प्रवाह दुरून आला. फ्रान्सिस पॉवर कॉब या अँग्लो-आयरिश विदुषीनं पार्करचे समग्र ग्रंथ संपादित केले. ती त्याला भेटली ती थेट फ्लॉरेन्समध्ये, त्याच्या शेवटच्या दिवसांत. कलकत्त्याचे ब्राह्मो समाजी पार्कर वाचत. त्यांचे पुढारी केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईला आले आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाज स्थापन झाला. ईश्वरानं कुठलाही एक ग्रंथ लिहून दिलेला नाही, हे समाजाच्या तत्त्वांपैकी एक. ते सगळं पार्करकडून आलं असं म्हणणं चूक होईल; रानडे आणि भांडारकर यांच्या पाठीशी तुकोबा उभे होते. पण युनिटेरियनांशी नातं खरं होतं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते याच नात्यातून, आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. धर्माच्या अभ्यासातून थेट वस्तीत जाण्याची वाट पार्कर आणि शिंदे या दोघांनी, एकमेकांना न भेटता, सारखीच धरली.

आणखी एक जाता जाता. अमेरिकेत त्या काळी लायसियम नावाची व्याख्यानांची चळवळ गावोगाव पसरलेली होती. पार्कर हिवाळ्यात रेल्वेनं फिरून वर्षाकाठी शंभरच्या आसपास व्याख्यानं देई, वाचायची पुस्तकं बॅगेत भरून नेई, आणि थंड डब्यांतल्या या प्रवासानंच त्याच्या फुप्फुसांना अधिक अपाय झाला. रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यामागेही लोकशिक्षणाची हीच तळमळ होती.

तरुण मित्रांपैकी कुणाला पार्कर वाचायचा असेल तर माझी सूचना अशी की १८५५ साली त्यानं छापलेल्या स्वतःच्या बचावापासून सुरुवात करा. बर्न्स प्रकरणातला खटला तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला, त्यामुळे कोर्टात बोलायला त्याला मिळालंच नाही. म्हणून त्यानं तयार केलेलं भाषण ग्रंथरूपानं लोकांपुढे ठेवलं. इंग्लंडच्या इतिहासात राजांच्या सोयीसाठी न्यायाधीशांनी कायदा कसकसा वाकवला, याची उदाहरणांमागून उदाहरणं त्यात आहेत, आणि ज्यूरीनं केवळ घटना घडली की नाही एवढंच न पाहता कायदाही न्याय्य आहे का हे पाहावं, असा त्याचा आग्रह आहे. ग्रंथ लांबलचक आहे, मधली काही प्रकरणं रेंगाळतात, पण अभ्यासिका आणि रस्ता त्याच्यात एकत्र सापडतात. तो वाचून झाल्यावर मग १८४१ च्या प्रवचनाकडे मागे जा.